आधी पुसून घे

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या महाविद्यालयाच्या सायकल स्टँडवर, शेवटच्या कडुनिंबाखाली, फरशीवर तळहाताएवढा एक काळा डाग आहे. तो कसला, हे प्रथम वर्षाच्या मुलांना माहीत नसेल. तो आमच्या गाडीचा आहे. जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत ती तेथे उभी राहत असे आणि जाताना चार थेंब ठेवून जात असे. "तू तासाला नसलास तरी तुझ्या गाडीची हजेरी लागलेली असते," असे वर्गमित्र म्हणत. मीही हसत असे. हसण्यावारी नेण्यासारखी ती गोष्ट नव्हती, हे मला उशिरा कळले. जे कळले ते नुसते गाडीबद्दलचे नव्हते, म्हणून हा लेखनप्रपंच.

संपादक मंडळाने वैचारिक विभागासाठी लेख मागितले तेव्हा लोकशाही, पर्यावरण आणि मोबाईलचे दुष्परिणाम हे विषय मित्रांनी आधीच धरून ठेवले होते. माझ्या वाट्याला ऑईलची गळती आली. वाचकांनी नाक मुरडू नये. कविता विभाग पुढे आहेच.

गाडी शंभर सीसीची, चार-स्ट्रोक, माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. अण्णांनी ती जुनी घेतली. अण्णा म्हणजे माझे वडील. ते सातवीपर्यंत शिकले; आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. पहाटे साडेचारला अण्णा गावातल्या गोठ्यांवरून दूध गोळा करतात, गाडीच्या दोन्ही बाजूंना किटल्या अडकवतात आणि खिंडीचा चढ चढून तालुक्याच्या गावी संकलन केंद्रावर दूध घालतात. परत आले की गाडी माझी. संध्याकाळच्या धारेला पुन्हा त्यांची. घरातला किराणा, आजीची औषधे आणि माझी फी, सगळे त्या एका इंजिनावर चालते.

आणि ते इंजिन चालते जेमतेम लिटरभर ऑईलवर. एवढेसे ऑईल पंपाने वर हेडपर्यंत चढते, कॅमशाफ्ट भिजवते, पिस्टन, क्लचच्या प्लेटा, गिअर या सगळ्यांची घासण कमी करते, उष्णता घेऊन खाली उतरते आणि पुन्हा वर चढते. ते कमी झाले की आधी आवाज बदलतो, मग धातू धातूला खाऊ लागतो आणि शेवटी पिस्टन सिलिंडरमध्ये धरतो. इंजिन जाम झाले, असे आपण म्हणतो. आमच्या गाडीचे इंजिन जाम झाले असते तर मी हा लेख लिहायला येथे नसतो, उसाच्या फडात किंवा एखाद्या दुकानात असतो. यात अतिशयोक्ती नाही. तेवढे पैसे घरात नाहीत.

जुलैत पहिला थेंब दिसला तेव्हा अण्णा म्हणाले, "रिकामी आली की गळत न्हाई. भरल्या किटल्या घिऊन खिंड चढली की मगच गळतंय बघ."

मी गाडीखाली मोबाईलचा उजेड मारून पाहत होतो. वर न पाहताच म्हणालो, "अण्णा, तुम्हाला नाही कळायचं त्यातलं."

हे वाक्य मी येथे मुद्दाम जसेच्या तसे देतो. मी ते उर्मटपणे म्हटले नव्हते, सहज म्हटले होते. तेच वाईट. कॉलेजात येऊन दीड वर्ष झाले नव्हते आणि हे वाक्य माझ्या तोंडी इतके रुळले होते की बोललो हेही लक्षात राहिले नाही.

मग मी माझे निदान केले. थेंब कोठून पडतो? इंजिनाच्या तळाशी ऑईल काढायचा बोल्ट असतो, त्याच्यावरून. म्हणजे गळती बोल्टाची. बोल्ट ढिला असणार. पाना लावला, आवळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब. आणखी आवळला. तिसऱ्या दिवशी पान्याला लोखंडी पाईप घालून लांबी वाढवली आणि सगळे अंग टाकून ओढले. बोल्ट पोलादाचा, पण इंजिनाचे कवच ॲल्युमिनियमचे, आणि त्यातले आटेही ॲल्युमिनियमचेच. पाना एकाएकी हलका फिरला. ज्यांच्या हातून हे झाले आहे त्यांना तो हलकेपणा माहीत असेल. पोटात गोळाच येतो.

मी कोणाला काही सांगितले नाही. बाजारातून एम-सील आणली, दोन वड्या एकत्र मळल्या आणि बोल्टाभोवती लिंपल्या. तेलकट जागेवर असले लिंपण धरत नाही, एवढीही अक्कल त्या वेळी नव्हती. वर कळू नये म्हणून काळा रंग दिला. रंग मात्र चांगला बसला होता.

सप्टेंबरातल्या एका पहाटे खिंडीच्या अर्ध्या चढावर तो बोल्ट गळून पडला. सगळे ऑईल रस्त्यावर. आमच्या गाडीला ऑईल कमी झाल्याचे सांगणारा दिवा नाही. अण्णांनी गाडी बंद केली ती केवळ आवाज बदलला म्हणून. नंतर एकदा मी विचारले, आवाज बदलला म्हणजे नेमका कसा? ते म्हणाले, "कोरडा झाला." पाव किलोमीटरही पुढे गेले असते तर इंजिन गेले असते. साठ लिटर दूध घेऊन ते अंधारात रस्त्याच्या कडेला उभे राहिले. भाजीचा एक टेम्पो आला, त्यात किटल्या चढवल्या. केंद्रावर पोहोचेपर्यंत एका किटलीतले दूध नासले होते. ते त्यांनी घेतले नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. ज्यांच्या गोठ्यातले दूध होते त्यांचे पैसे अण्णांनी पदरचे भरले.

मला वाटले होते, आता बोलणी बसतील. अण्णा एवढेच म्हणाले, "बोल्टाला कुणीतरी रंग दिला हुता."

त्याच दिवशी कॉलेज बुडवून मी गाडी ढकलत तालुक्याच्या एसटी स्टँडमागे एका मिस्त्रींच्या शेडवर नेली. वय साठीच्या आसपास, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा. मी त्यांना सगळे समजावून सांगितले. बोल्टाचे आटे, वायसर, पॅकिंग, मोबाईलवर पाहिलेले दोन व्हिडिओ. त्यांनी ऐकून घेतले, बोल्टाचे भोक मोठे करून नवे आटे पाडले, एक माप मोठा बोल्ट बसवला, नवे ऑईल ओतले. मला वाटले, झाले. तर त्यांनी माझ्या हातात एक झिजका ब्रश आणि डिझेलचा डबा दिला आणि म्हणाले, "आता आधी पुसून घे."

"काय?"

"सगळं. वरपासनं खालपर्यंत."

मला दीड तास लागला. फिनच्या फटींतून चिखल निघाला, शेण निघाले, साखळीचे जुने ग्रीस निघाले, माझीच एम-सील पात्याने खरवडून काढावी लागली. मग साबणाचे पाणी, मग हवेच्या नळीने वाळवणे. इंजिन ॲल्युमिनियमचे असते आणि त्याला एक सौम्य, रुपेरी रंग असतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. वर्षानुवर्षे आम्ही काळे इंजिनच पाहत आलो होतो. काळ्यावर काळे गळत होते, तर दिसणार काय?

पुसून झाल्यावर मिस्त्रींनी शेजारच्या दुकानातून तोंडाला लावायच्या पावडरीचा डबा मागवला आणि कोरड्या इंजिनावर ती पावडर भुरभुरली. मोठ्या शहरांत ऑईलमध्ये चमकणारा रंग मिसळून निळसर दिव्याखाली गळती शोधतात, असे मी नंतर वाचले; आमच्या मिस्त्रींचे काम दहा रुपयांच्या पावडरीवर भागते. मग त्यांनी मला तीन प्रश्न विचारले.

"गळती कवापासनं?" जुलैपासून, मी म्हणालो.

"गळतंय कवा? उभ्यावर, का पळताना?"

यावर मला उत्तर नव्हते. तीन महिने मी गाडीखाली वाकत होतो, पण केव्हा गळते हे मी एकदाही पाहिले नव्हते. खाली मान घालून मी अण्णांचे वाक्य सांगितले, भरल्या किटल्या आणि खिंड. मिस्त्रींनी मान वर केली. "हे कुणी सांगितलं?" "वडिलांनी." "मग त्यांनाच पाठवायचं न्हाई का गाडी घिऊन!"

तिसरा प्रश्न होता, "त्याच्या आधी गाडीला काय केलं हुतं?" मी म्हणालो, काही नाही. ते खोटे होते. पण त्या वेळी मलाही ते खोटे वाटले नाही.

दोन किटल्या पाण्याने भरून गाडीला लावल्या आणि मला खिंड चढून परत यायला सांगितले. नुसती जागेवर गाडी चालू करून पाहिली असती तर काहीच दिसले नसते. ज्या वेळी दुखते त्याच वेळी नाडी पाहावी, तसे हे. परत आलो. पांढऱ्या इंजिनावर एकच काळी, ओली रेघ उमटली होती. ती बोल्टापाशी सुरू होत नव्हती. ती सुरू होत होती पार वर, हेडवरच्या टॅपेटच्या गोल झाकणाच्या कडेला. तेथून फिनांमधून खाली, वाऱ्याने मागे, कवचाच्या पोटावरून घरंगळत ती बोल्टापर्यंत आली होती, कारण बोल्ट सगळ्यात खाली. थेंब पडायला जागा हवी, ती त्याने दिली, एवढाच त्या बिचाऱ्याचा गुन्हा. तीन महिने मी ज्याला आवळत होतो तो निर्दोष होता.

ऑईलला दोन वाटा ठाऊक असतात, एक खाली, आणि गाडी पळत असेल तर दुसरी मागे. म्हणून ओल्या जागांपैकी जी सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे, तेथे उगम शोधायचा. हे सांगितल्यावर किती सोपे वाटते!

झाकण उघडले. आतली रबराची ओ-रिंग उष्णतेने चपटी आणि कडक झालेली. वाकवली तर तडकली. ॲल्युमिनियम तापले की लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, इंजिनाचे सगळे सांधे रोज थोडे फुगतात, थोडे आकसतात. त्यांच्यामधली फट भरून काढायचे काम त्या रबराच्या कड्याचे. ते मेले की सांधा उघडा पडतो. नवी ओ-रिंग वीस रुपयांची. बैठक पुसून, तिला ऑईलचे बोट फिरवून बसवली. झाकण आवळायला मी पाना घेतला तर मिस्त्रींनी माझे मनगटच धरले. "बसलं की थांब." सहा मिलिमीटरच्या बोल्टाला एक किलो-मीटरच्या आसपास पीळ पुरतो, म्हणजे पाना मीटरभर लांबीचा असेल तर टोकाला एक किलोचे वजन. हे आकडे माझे, पुस्तकातले. मिस्त्रींचे माप मनगटात आहे.

येथे दुसरा एखादा कारागीर थांबला असता. गळती सापडली, कडे बदलले, पैसे घेतले. आमचे मिस्त्री थांबले नाहीत. तडकलेली रिंग बोटांत फिरवत ते म्हणाले, "ही म्हातारी झालीय, खरं. पण एकदम जुलैतच कशी गेली? हिला आतनं कुणीतरी ढकललंय." आणि तिसरा प्रश्न पुन्हा विचारला.

मग मला आठवले. जूनमध्ये, पावसापूर्वी, व्हिडिओ पाहून मी स्वतः एअर फिल्टर साफ केला होता. ते मी "गाडीला काही करणे" यात धरलेच नव्हते, कारण ते चांगले काम होते! मिस्त्रींनी बाजूचे कव्हर काढले. फिल्टरच्या डब्याखाली एक बोटभर जाडीची रबरी नळी दुमडून दाबली गेली होती. डबा परत बसवताना मीच ती दाबली होती.

ती नळी इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर नेते. पिस्टन खाली येतो तेव्हा खालच्या पोकळीतली हवा दाबली जाते. शिवाय पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून थोडा जळका वायू खाली उतरतच असतो, नव्या इंजिनातही. चढावर, ओझे असताना, हा वायू वाढतो. त्याला वाट मिळाली नाही की पोटात दाब चढतो आणि तो सगळ्यात कमकुवत सांध्यातून ऑईल बाहेर ढकलतो. मिस्त्री एवढे सगळे बोलले नाहीत. ते म्हणाले, "इंजनाला बी श्वास लागतो." जळक्या वायूचे कारण मी नंतर वाचून त्यांना सांगितले, तेव्हा ते "असं व्हय?" म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरा आनंद दिसला. चाळीस वर्षे नळ्या सरळ करणाऱ्या माणसाला त्यामागचे कारण सांगायला कोणी गेले नव्हते.

आता माझे म्हणणे.

गेल्या वर्षी तर्कशास्त्राच्या तासाला आम्हाला जॉन स्टुअर्ट मिलच्या कारणशोधाच्या पद्धती शिकवल्या. मिलने त्या १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडल्या. अन्वय, व्यतिरेक, सहचारी परिवर्तन ही नावे मी घोकून पाठ केली आणि परीक्षेत व्यतिरेकपद्धतीवर आठपैकी सात गुण मिळवले. एक घटक बदलला आणि कार्य बदलले, तर त्या घटकात कारण शोधावे, ही व्यतिरेकपद्धती. 'गाडीला आधी काय केलं हुतं?' हा तोच प्रश्न. एक वाढले की दुसरे वाढते, हे सहचारी परिवर्तन. 'भरल्या किटल्या घिऊन चढली की मगच गळतंय.' मिलची पद्धत माझ्या घरात, मराठीत, शेणाच्या वासासकट, जुलैतच उच्चारली गेली होती. ज्याला ती पाठ होती त्यानेच ती ओळखली नाही.

माझा राग तर्कशास्त्रावर नाही. सरांनी ते मनापासून शिकवले आणि उदाहरणेही दिली. पण ती सगळी मलेरिया, दवबिंदू आणि प्रयोगशाळा यांतली होती. आमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी पंपाची मोटर आहे, मळणीयंत्र आहे, शिलाई मशीन आहे, जुनी गाडी आहे. रोज काही ना काही बिघडते आणि कोणीतरी विचार करून ते दुरुस्त करते. तो 'विचार' आहे हे आम्हाला कोणी सांगत नाही, म्हणून आमच्या लेखी तो विचार ठरत नाही. पदवीच्या वाटेवर आम्ही पहिली गोष्ट शिकतो ती ही, की काळ्या हातांच्या माणसाला त्यातले कळत नाही.

आणि हे नेहमीचेच आहे असेही नाही. आमच्या भागातून मिरजेकडे रेल्वेने जाताना किर्लोस्करवाडीचे स्टेशन लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावच्या सायकल दुकानापासून सुरुवात करून १९१० साली औंध संस्थानातल्या त्या माळावर नांगराचा कारखाना काढला. त्याच वाडीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले, तेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० साली 'स्त्री' निघाले. महाराष्ट्राने कथा, विचार आणि वाद ज्या अंकांतून वाचले ते ओतशाळेच्या शेजारी तयार होत होते. मी मराठी विषयाचा विद्यार्थी असूनही हे मला तासाला कळले नाही, ग्रंथालयात चाळता चाळता कळले. नांगर आणि निबंध शेजारी राहू शकतात, याचा पुरावा आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे.

एक मित्र म्हणाला, "एवढे वाटते तर कॉलेज सोड आणि गॅरेज टाक." हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण अण्णांचीही भीती तीच आहे. माझ्या नखांतले काळे पाहून ते अस्वस्थ होतात. त्यांनी स्वतःचे गेले ते गेले, माझे हात तरी स्वच्छ राहावेत म्हणून फी भरली आहे. मिस्त्रींचा मुलगाही बँकेच्या परीक्षा देतो आहे आणि त्याने गॅरेजात पाऊल टाकलेले त्यांना चालत नाही. पेट्रोल-डिझेलने हातांची कातडी कशी फाटते ते मी पाहिले आहे. तेव्हा कारागिरीचे गोडवे गाणे मला जमणार नाही. शिवाय सगळेच मिस्त्री असे नसतात. न पुसता, न विचारता, दिसेल त्या सांध्यावर सीलंट थापणारे, हातोडीने पाना ठोकणारे भरपूर आहेत. आत सुटलेला सीलंटचा तुकडा ऑईलच्या वाटेत अडकला तर गळती बरी म्हणायची वेळ येते. जुन्या बुलेटवाल्यांत तर विनोदच आहे, की जिच्याखाली थेंब नाही तिच्यात ऑईलच उरलेले नाही. अडाणीपणा गॅरेजातही असतो आणि वर्गातही. मला वाटते, दोन्हीकडे त्याची खूण एकच आहे: न पुसता निदान.

उदाहरण आमचेच देतो. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. गेल्या हिवाळ्यात तिच्या सात दिवसांच्या शिबिराला मीही होतो. पहिल्या दिवशी दुपारी आम्ही गाव पाहिले नव्हते, पण आमची पथनाट्ये तयार होती. स्वच्छता, व्यसनमुक्ती, पाणी वाचवा. दुसऱ्या दिवशी आम्ही पारावर 'पाणी वाचवा'चे नाटक केले. एक म्हातारी शेवटपर्यंत बसून होती. नंतर ती म्हणाली, "वाचवाय पाणी आलं तर पायजे. टाकीचा कॉक दोन महिनं झालं मोडलाय." तो कॉक पाहायला आमच्यातले कोणीही गेले नाही. दिवसाचे वेळापत्रक भरलेले होते. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही. आज वाटते, आम्ही पन्नास जणांनी मिळून ड्रेन बोल्ट आवळला आणि वर काळा रंग दिला.

म्हणून कार्यक्रमाधिकारी सरांना माझी एक विनंती आहे. यंदाच्या शिबिरात पहिले दोन दिवस नाटक नको, भाषण नको. प्रत्येकाने दोन घरी जाऊन नुसते विचारावे: कधीपासून? केव्हा? त्याआधी काय झाले होते? उत्तरे वहीत, ज्या भाषेत मिळतील त्याच भाषेत लिहावीत. नाटके नंतर करू. दुसरी विनंती तर्कशास्त्राच्या सरांना. एका तासाला आम्हाला स्टँडवर न्यावे. बिघडलेल्या गाड्यांची तेथे कमतरता नाही, आणि पावडरीचा डबा मी आणीन.

अण्णांना मी सगळे सांगितले. रंग मी दिला, आटे मी घालवले आणि मुळात ती नळीही मीच दुमडली होती. शेवटचे सांगणे सगळ्यात कठीण गेले. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "नळी कुठली, दाव बघू." मी कव्हर काढून दाखवली. त्यांनी नळी हाताने चाचपली, फुंकून पाहिली, आणि मला वाटते तिची जागा कायमची लक्षात ठेवली.

त्या रात्री त्यांनी गाडीखाली खोक्याचा एक पुठ्ठा अंथरला. थेंब पडला तर कोठे पडतो ते दिसावे म्हणून. ही युक्ती त्यांना कोणी शिकवली ते मला ठाऊक नाही. मिस्त्रींनीही ती सांगितली नव्हती. आठ दिवस, भरल्या किटल्यांनी खिंड चढून आल्यावर, ते रोज पुठ्ठा उचलून उजेडात धरायचे आणि परत ठेवायचे. नवव्या दिवशी सकाळी तो कोरडाच पाहून त्यांनी आईला हाक मारली आणि पाणी तापवायच्या चुलीत घालायला देऊन टाकला.

स्टँडवरचा डाग अजून आहे. शिपाईमामांनी तो घासून काढायला सांगितला आहे. डिझेल आणि ब्रश घेऊन येत्या शनिवारी येतो, असे मी त्यांना म्हटले आहे.